जावेची गोळी

उमरीला चुलत पुतण्याचं लग्न होतं. आमच्या बौद्ध समाजात मंगल परिणयाला बायका पांढऱ्या साड्या नेसतात. मी एकटीच गडद जांभळ्या साडीत, मंगल कार्यालयाच्या शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले होते. कुणी विचारलंच तर इस्त्रीवाल्यानं पांढरी साडी वेळेवर दिली नाही, असं सांगायचं ठरवून आले होते. खरं कारण असं की मला लघवी धरता येत नाही. कळ आली की दोन-तीन मिनिटांत पोचावं लागतं, नाही पोचले तर साडीतच होते. माझ्या खुर्चीपासून बाथरूम बावीस पावलांवर होतं. आल्या आल्या मोजून घेतलं होतं.

वरात आली आणि बँडपुढे माझी धाकटी जाऊ नाचत आली. पांढऱ्याशुभ्र साडीत, हात वर करून, उड्या मारत. मध्येच कुणीतरी पाण्याची बाटली दिली. ती तिनं उभ्या उभ्या अर्धी संपवली आणि परत नाचायला लागली. मी तिच्या साडीकडे मागून बघत राहिले. कुठं डाग नाही, ओल नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. 

त्याचं कारण दोन वर्षांपूर्वीचं होतं. नायगावला एका मयतीला जाऊन आम्ही सगळ्या बायका जीपनं परत येत होतो. वाटेत ती ड्रायव्हरला दोनदा म्हणाली, “दादा, जरा थांबवा की.” त्यानं पुढं पंपावर थांबवतो म्हणून गाडी दामटली. पंप यायच्या आत ती माझ्या कानाशी आली. “अक्का, माझं झालं हो.” मी माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळली आणि “होतं कधी कधी” एवढंच बोलले. मलाही रोज होतं, हे सांगितलं नाही. पण त्या दिवशी घरी येताना मला किती हलकं वाटलं होतं ते माझं मलाच माहीत. म्हणजे हिलाही आहे. हिचंही सगळंच काही चांगलं नाही.

हे वाईट वाटून घेण्यासारखं आहे, पण लपवून काय उपयोग? ती घरात आली तेव्हापासून मला तिचा हेवा वाटत आलाय. मी डी.एड. झालेली, मुदखेड तालुक्यातल्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरीण. ती दहावी नापास. पण सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांना भाकर तिच्याच हातची लागायची. दीर लातूरला नोकरीला, म्हणून तीही लातूरला गेली, तिथं ब्लाउज शिवायला लागली, आणि वर्षभरात अर्धी गल्ली तिच्या ओळखीची. मनात येईल ते ती कुणापुढंही बोलते. मला ते कधीच जमलं नाही. शाळेत बायकांच्या बाथरूमला कुलूप असायचं आणि किल्ली हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये. ती मागायची लाज वाटायची म्हणून मी प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत मांडी आवळून शिकवलेलं आहे. नवऱ्याला या दुखण्याबद्दल एकदा सांगितलं, तर “वय झालं आता आपलं” म्हणून ते पेपर वाचायला लागले. त्यानंतर कुणालाच सांगितलं नाही.

लग्नाच्या जेवणाच्या वेळी ती ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. घामानं भिजलेली, हसरी.

“अक्का, लातूरच्या दवाखान्यात नवी गोळी तपासून बघून राहिलेत. धरता येत न्हाई त्याच्यावर. म्या तीन महिने झाले घेऊन राहिले. लई फरक हाय.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “तुमी बी या. अजून बायका घ्यायलेत.”

“मला कशाला?”

तिनं माझ्या जांभळ्या साडीकडे बघितलं आणि भाजीचा घास घेतला. “जीपमधी तुमची शाल माझ्या कमरंला होती, तवा तुमी दोन्ही हातानं पदर मांडीवर धरून बसल्या होत्या. मला काय कळत न्हाई का?”

म्हणजे दोन वर्षं तिला माहीत होतं.

पंधरा दिवसांनी मी लातूरला गेले. आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद. नांदेडहून एसटी निघाली की लोह्याला एकदा, अहमदपूरला एकदा, अशी मी पळत उतरायची आणि कंडक्टरला थांबायची खूण करून ठेवायची. तरी चाकूरच्या पुढं थोडं झालंच. घडी घालून ठेवलेल्या कापडानं निभावलं. स्टँडवर ती न्यायला आली होती. रिक्षात बसायच्या आधी तिनं रसवंतीवर उसाचा रस मागवला. ती दोन ग्लास प्यायली आणि माझा तसाच राहिलेला तिसराही तिनं संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा शिलाई मशीनच्या टेबलावर तिची वही पडलेली दिसली. दवाखान्यानं दिलेली. किती वाजता गेले, किती प्यायले, किती वेळा कपडे ओले झाले, हे रोज लिहायचं. दुसऱ्याची अशी वही उघडू नये, हे मी मुलांना आयुष्यभर शिकवलं. मी उघडली. पहिल्या पानांवर रोज चार-चार, पाच-पाच वेळा. मग तीन. मग एक. आणि नंतर सलग पानांमागून पानं एकच शब्द, मोठ्या गोल अक्षरात, ‘कोर्डी’. कोर्डी, कोर्डी, कोर्डी. माझा हात पेनाकडे गेला होता, ती चूक दुरुस्त करायला. इतकी वर्षं वह्या तपासल्यात. पेन खाली ठेवलं, पण वहीत निदान शुद्धलेखनाची चूक सापडली याचं मला बरं वाटलं.

दवाखान्यात ॲप्रन घातलेल्या एका मुलीनं मला वेगळ्या खोलीत बसवलं. जाऊ बाहेर बाकड्यावर. मुलीनं मराठीत छापलेली बरीच पानं पुढं ठेवली आणि एकेक परिच्छेद वाचून दाखवायला लागली. मी म्हटलं, “बाळा, मी मास्तरीण होते. मीच वाचते.” ती हसली आणि म्हणाली, “वाचा काकू. पण तरी मला समजावून सांगावं लागतं, तसा नियमच आहे.”

एका ठिकाणी मी अडले. लिहिलं होतं की निम्म्या बायकांना औषध असलेली गोळी मिळेल आणि निम्म्यांना दिसायला अगदी तशीच, पण औषध नसलेली.

“कुणाला कुठली, हे कोण ठरवतं?”

“कॉम्प्युटर. आम्हालाही माहीत नसतं, डॉक्टरांनाही नाही. अभ्यास संपल्यावरच कळतं.”

“माझ्या जावेला कुठली आहे?”

“काकू, खरंच माहीत नाही. आणि माहीत असतं तरी त्यांचं मी तुम्हाला सांगितलं नसतं.”

मग डॉक्टरीणबाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी कधीपासून, किती वेळा, मुलं किती, साखर आहे का, सगळं विचारलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून उत्तरं दिली. शेवटी त्यांनी विचारलं, “आजपर्यंत काय उपचार घेतले?”

“काहीच नाही.”

“व्यायाम? वेळ ठरवून जाणं? कुणी काही सांगितलं नाही?”

“मी कुणाला विचारलंच नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “बघा ताई, तुम्ही अभ्यासाच्या निकषांत बसता. यायचं तर या, नको वाटलं तर मधूनही सोडता येईल, कुणी रागावणार नाही. इथं सगळ्याच बायकांना आम्ही व्यायाम आणि वेळापत्रक शिकवतो, गोळी कुठलीही असो. पण अभ्यासात न येताही तुम्हाला उपचार मिळू शकतात, नांदेडमध्येसुद्धा. नेहमीची औषधंही आहेत. घाई करू नका. कागद घरी न्या, घरच्यांशी बोला.”

कागद पर्समध्ये घालून मी बाहेर आले. जाऊ उठून उभी राहिली. “केली का सही?”

“विचार करते.”

“त्यात काय विचार करायचाय?”

दोन दिवस मी तिच्या घरी ते कागद वाचत बसले. तोटे काय, फायदे काय, शिकल्या-सवरलेल्या बाईनं ज्याचा विचार करायला हवा तो मी केलाच नाही. माझा हिशोब वेगळाच चालला होता. समजा तिची गोळी खरी आणि माझी रिकामी. मग मी महिन्या-महिन्याला एसटीत हाल सोसत लातूरला यायचं आणि हिनं रस पिताना बघायचं. समजा माझी खरी आणि तिची रिकामी. मग ती काही न घेताच बरी झाली आणि मला औषध लागलं. दोघींची खरी असली तरी ती तीन महिने पुढंच. कसंही फिरवलं तरी मी मागं राहत होते.

निघायच्या दिवशी सकाळी ती एका ब्लाउजला काज करत बसली होती. मी म्हटलं, “नाही गं, मी नाही येणार त्यात. एवढा बसचा प्रवास जमत नाही मला.”

तिनं दोरा दातानं तोडला. “प्रवासाचं हाय का अक्का? का तुमाला माझं बघवत न्हाई?”

ती हसून बोलली होती, पण डोळे हसत नव्हते. मी बॅगेची चेन लावत राहिले. तिनं परत विचारलं नाही. स्टँडवर सोडायला मात्र आली आणि कंडक्टरला सांगून मला पुढच्या दाराजवळची सीट मिळवून दिली.

नांदेडला आल्यावर आठवडाभरात मी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. दारातूनच दोनदा परत फिरले होते. तिसऱ्यांदा आत गेले आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलून टाकलं, “मला लघवी धरता येत नाही, सात वर्षं झाली.” लातूरला निदान जाऊ ओळखीची होती, इथं मी एकटी. बाईंनी तपासलं, चाचण्या केल्या, व्यायाम शिकवला. लघवी धरतो तसं आवळायचं, मनात आकडे मोजायचे, सोडायचं. घड्याळ लावून जायचं आणि वेळ हळूहळू वाढवायची. पुढं एक गोळीही दिली. त्या गोळीनं तोंडाला कोरड पडते, पण फरक पडला. रोजचं चार वेळाचं आठवड्यातून दोनदावर आलं. पाणी प्यायला लागले. आमचे हे म्हणाले, “आजकाल तू बाहेर फार जातेस.” तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून माझी पाण्याची बाटली भरून आणली.

पुढं बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी जावेचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं.

“अक्का, संपला तो अभ्यास. दवाखान्यानं सांगितलं. माझी गोळी रिकामी होती म्हणं! नुसतीच!”

मी पलंगावर बसले. मी तर रोज खरी गोळी घेत होते, तोंड कोरडं पडून पानाच्या गादीवरची बडीशेप चघळत होते. आणि ही नुसत्या व्यायामावर नि वेळापत्रकावर बँडपुढे नाचली होती. मला वाटायचं, गोळी रिकामी निघाली तर मला गार वाटेल. उलट मी जास्तच जळाले.

“मग आता कसं आहे तुझं?” मी विचारलं.

“आता काय, अभ्यास संपला, वही संपली, कोण करायलंय तो व्यायाम! परत होऊन राहिलं की. आठवड्यातून तीन-चारदा. तुमचं?”

“दोनदा,” मी म्हटलं.

“मग माझ्यापरीस बरं हाय तुमचं!”

त्या दिवशी संध्याकाळी मी शिरा केला. ह्यांनी विचारलं, काय विशेष? मी म्हटलं, सहज. तो शिरा मी दोन वाट्या खाल्ला आणि मग मला स्वतःची शरम वाटली. माझी शाल कमरेला गुंडाळून जीपमध्ये खाली मान घालून बसलेली ती डोळ्यांपुढं आली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला फोन लावला.

“व्यायाम सोडायचा नसतो,” मी माझ्या शाळेतल्या आवाजात म्हटलं. “रोज सकाळी सात वाजता फोन करीन. दोघी मिळून करू.”

“हाव,” ती म्हणाली. “पण आकडे म्या मोजणार.”

आता रोज सात वाजता मी नांदेडला बाल्कनीत खुर्चीवर आणि ती लातूरला मशीनच्या स्टुलावर बसते. फोन स्पीकरवर. ती मोठ्यानं मोजते, एक, दोन, तीन. ती म्हणते की ती दहापर्यंत धरते. मी आठला सुटते. ती खोटं बोलत असणार असं मला वाटतं, पण फोनवर ते कसं कळणार?