पेटीतला डोंगर

मुठीत माती दाबायची, मूठ उघडून गोळा निरखायचा आणि म्हणायचं, "नाय ओ मॅडम, अजून कोरडीच हाय." आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई मामा परदेशी ओलावामापकाला असं रोज खोटं पाडत. आम्ही पीएचडीवाले दोनदा मोजायचो आणि मग मुकाट्याने पाणी घालायचो.

मुलुंडच्या कॉलेजात, काचेच्या मोठ्या पेटीत आम्ही डोंगर रचायचो. म्हणजे मामा रचायचे, आम्ही फोटो काढायचो. मातीत काचतंतूची केसासारखी तार पुरलेली, वर फवाऱ्याचा पाऊस. माती आतून सरकू लागली की तार ताणली जाते, तिच्यातला प्रकाश बदलतो आणि पडद्यावरची रेघ चढते. डोळ्यांना तोवर काहीच दिसत नाही.

पहिल्यांदा रेघ चढली आणि वीस मिनिटांनी डोंगर कोसळला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत. ते घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी राहायचे.

"सर, वीस मिनिटांत आमची अख्खी गल्ली बाहेर पडेल. ही तार आमच्या दरडीत टाकूया ना."

सर प्रेमळ हसले. प्रस्ताव लिहिला, समिती नेमली. दरडी सरकतात, समिती सरकली नाही.

मामांनी घरामागच्या दरडीला पडलेल्या भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या आणि मुलीच्या फूटपट्टीने रोज त्यांच्यातलं अंतर मोजू लागले. आकडे मला दाखवायचे. मी "छान, मामा" म्हणायचे. विज्ञानाला माझं तेवढंच योगदान.

जुलैत एका दिवशी मामा कामावर आले नाहीत, दुपारी त्यांचा फोन आला. "मॅडम, सकाळपासून चार बोटं वाढलंय. काय करू?"

"सरांना विचारून सांगते."

सर मीटिंगमध्ये होते. मामांनी दारं बडवून गल्ली रिकामी केली. "येडा झालास काय रे?" म्हणणाऱ्या म्हातारीला पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं. संध्याकाळी दरड आली. मामांचं घर धरून सात घरं गेली. माणूस एकही नाही.

आमच्या शोधनिबंधात याचा उल्लेख 'स्थानिक निरीक्षण' असा आहे. मामांचं नाव घालावं, असं मी सुचवलं होतं. बऱ्याच हळू आवाजात.

त्यांना खोली मिळाली ती फार लांब, म्हणून नोकरी सुटली. किल्ल्या द्यायला आले, तेव्हा पेटीत नवा डोंगर तयार होता. मामांनी खिशातून रिकामी काडेपेटी काढली आणि पायथ्याशी ठेवली.

"कायतरी असू दे खाली," म्हणाले.

आता रेघ चढली, की मी पेटीत हात घालून आधी ती काडेपेटी उचलते. त्याने आकडे बिघडतात, असं सर म्हणतात.