तळाशी ठेवलेलं

अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही असतील. चौथीनंतर शाळा सुटली. माझ्यापुरतंच लिहितेय, तरी माफ करा.

मुलगा कॅरेबियनमधल्या एका बेटावर आचारी आहे. त्याने आम्हा नवराबायकोला सुट्टीला बोलावलं. फोनवर तीनतीनदा बजावलं, "आई, बाबांचं इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेव. मोठी बॅग चुकली तर इथे पंचाईत होईल."

विमानतळावर मोठी बॅग पट्ट्यावरून सरकू लागली आणि मला आठवलं. इन्सुलिन तिच्यातच होतं, तळाशी, लुगड्यात गुंडाळलेलं. एसटीच्या प्रवासात जपायची वस्तू तळाशी ठेवायची, हीच हाताला सवय.

परक्या माणसांशी बोलायचं तर आमचे हेच बोलतात. आणि नेमके हे गेले होते पाणी आणायला. बॅग पट्ट्याच्या टोकाच्या पडद्याजवळ पोचली.

"अगं पोरी, थांबव ते!"

काउंटरवरची मुलगी दचकली, पट्टा थांबला. सगळ्यांदेखत मी लुगडी उपसली. हे धावत आले. "मला वाटलं, कोण बाई ओरडतेय! तू होय?"

जपायचं म्हणून आपण काय काय तळाशी घालतो आणि वेळेला हात पोचत नाही. माझा आवाजही तसाच राहिला होता.

विमानात जेवण आलं. ह्यांनी इन्सुलिन मागितलं. ते माझ्या मांडीवरच होतं.