बबनदादांचा सूर

कपाटातला डांबरगोळ्यांचा वास आला की अजून माझी मान खाली जाते. बबनदादांच्या अकॉर्डियनच्या पेटीला तोच वास यायचा. सत्तरच्या दशकात नागपुरातल्या आमच्या रॉक बँडमध्ये त्यांच्याच सुरावर सगळे गिटारी लावायचे. विजेवरचा नवा ऑर्गन आला आणि त्या संध्याकाळी भर मंचावर मी माझी गिटार ऑर्गनच्या सुरावर लावली.

"काहून गा, माहा सूर चालत नाही काय तुले?"

"जुना झाला तो, दादा."

ते अकॉर्डियन घेऊन मागे जाऊन बसले.

तिसऱ्या गाण्यात वीज गेली. गिटार, ऑर्गन, सगळं मुकं झालं. अंधारात एकट्या अकॉर्डियनने गाणं शेवटपर्यंत नेलं. दिवे आले, टाळ्या कडाडल्या.

टाळ्या घ्यायला पुढे येऊन वाकलो तो मी. मागे दादा खांद्यावरचे अकॉर्डियनचे पट्टे सोडत होते.