दिवेलागणीचा स्लॉट

माईकसमोर मी ‘सा’ लावला आणि शिंकले. पुन्हा लावला, पुन्हा शिंकले. स्टेजवर अंथरलेल्या ताडपत्रीवर उन्हाळाभर मिरच्या वाळवल्या होत्या. मिरच्यांच्या भोकरदन तालुक्यात हे मला आधीच कळायला हवं होतं. दत्तूमामांनी ताडपत्री काढायला लावली, सतरंजी आणवली.

“आता बराबर? मंग जल्दी कर. सहाला दिवे लागले की तू बसायचं.”

दत्तूमामा माझे सख्खे मामा आणि गावातल्या नवरात्र कमिटीचे अध्यक्ष. मी शास्त्रीय संगीत गाते आणि रोटरडॅमला राहते. तिकडे गाणं म्हणजे निम्मा वेळ ईमेल. उरलेल्या वेळात मी योगवर्गांत, हॉटेलांत आणि लोकांच्या लग्नांत गायले आहे. लोक समोसे खात असताना संथ लयीतला ख्याल गाण्याची मला सवय आहे. म्हणून यंदा एका मोठ्या हॉलचा ईमेल आला तेव्हा तो मी तीन वेळा वाचला. त्यांना ‘सूर्यास्ताचे राग’ अशी मैफल करायची होती. माझं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. एकच राग, समोर श्रोते, मध्ये कट नाही. आवडलं तर मैफल माझी.

मी पूरिया धनाश्री निवडला. आमच्याकडे रागाला वेळ असते. सूर्य मावळताना, उजेड आणि अंधार यांच्या मधल्या त्या थोड्या वेळात गायचे काही राग असतात, त्यांना संधिप्रकाश राग म्हणतात. पूरिया धनाश्री त्यातलाच. म्हणून मी मामांकडे सहाचा स्लॉट मागितला होता. जालन्याहून कॅमेरावालाही आणला होता.

साउंड टेस्ट संपत आली तेव्हा देवळाच्या पायरीवर एक बाई येऊन बसल्या. गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर तुणतुणं. म्हणजे एका तारेचं वाद्य, आमच्या तानपुऱ्यासारखं सतत मागे वाजणारं. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

“ह्या कोण?” मी मामांना विचारलं.

“नंदाबाई. आराधी. देवीची गाणी म्हणतेत.”

“कधी?”

मामांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. “दरसाली दिवेलागणीला पहिलं गाणं त्यांचंच असतं. यंदा आठला ठेवलंय. तू काय रोज येतीस का?”

माझे वडील पत्रकं काढायचे. देवळात कोणाला शिरू देतात, कोणाला नाही, मान कोणाचा, तो कोणी ठरवला, असल्या विषयांवर. माझं अक्षरज्ञान त्या पत्रकांवर झालं आहे. आणि आता मी परदेशातून येऊन एका आराधी बाईचा मान घेतला होता, तोही मामांच्या वशिल्याने. मी तिथेच भांडायला सुरुवात केली.

“त्यांना विचारलंत?”

“सांगितलं ना.”

“सांगणं आणि विचारणं एकच का?”

मामा म्हणाले, “बापावर गेलीस बिलकुल,” आणि मंडपवाल्याकडे निघून गेले.

मी पायरीवर जाऊन नंदाबाईंना म्हणाले, तुमची वेळ तुम्हीच घ्या. पण बोलताना माझाच आवाज पडला. आठला पूरिया धनाश्री गाता येणार नाही, म्हणजे रेकॉर्डिंग नाही, म्हणजे हॉल नाही. हे मी त्यांना सगळं सांगितलं. रागाची वेळही सांगितली.

त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. “म्हंजे तुमचं बी आमच्यावानी हाय. दिवा लागायच्या टायमालाच म्हणायचं.”

“हो.”

“अन् तिकडं हॉलात किती वाजता म्हणणार?”

मैफल रविवारी सकाळी अकराला होती. हॉलला खिडक्या नव्हत्या. ईमेलमध्ये लिहिलं होतं की भिंतींवर नारिंगी लाइट सोडू. मी लगेच ‘चालेल’ असं उत्तर पाठवलं होतं.

“सकाळी अकराला,” मी म्हणाले.

नंदाबाई हसल्या. “तिकडं सकाळी चालतं, मंग इथं आठला काऊन चालंना, माय?”

तेवढ्यात देवळातली दिवटी पेटली. त्या उठल्या. जाताना तुणतुण्याची खुंटी पिळून त्यांनी तार वर चढवली आणि एकदम पहिला शब्द फेकला. सूर लावून बघणं नाही, खाकरणं नाही. एवढी लांब ओळ ही बाई एका श्वासात कशी संपवते, हे बघायला मी अगदी पुढे जाऊन बसले. कळलं नाही. कदाचित शेवटचा शब्द त्या म्हणतच नव्हत्या, तो समोरच्या बाया म्हणत होत्या आणि तेवढ्यात त्या श्वास घेत होत्या.

आठला मी बिहाग गायले. रात्रीचा राग, तयारी नाही. मध्येच मामांनी दुसऱ्या माईकवरून पांढऱ्या जीपची चावी सापडल्याचं जाहीर केलं. कट करायचा नव्हता, म्हणून चावीसकट रेकॉर्डिंग पाठवलं. सोबत लिहिलं, की सूर्यास्ताचा राग मी सकाळी अकराला गाणार नाही, आधी ‘चालेल’ म्हटलं ते चुकीचं होतं.

हॉलचं उत्तर सभ्य होतं. बिहाग आवडला. मध्येच आलेले दुसरे गृहस्थ कोणता बोल म्हणत होते, असंही विचारलं होतं. रविवारची मैफल मात्र एका सतारवादकाला दिली. मला वरच्या मजल्यावरची छोटी खोली मिळेल, हवी ती वेळ.

थंडीत तिकडे साडेचारलाच अंधारतं. कामाच्या दिवशी साडेचारला कोण येणार? काही रिटायर्ड लोक आले, आणि खोली उघडणारा माणूस चावी हातात घेऊन दारातच थांबला. पण पश्चिमेला खिडकी होती. मी पूरिया धनाश्री गायले.

दुसऱ्या दिवशी मामांना फोन लावला. ते देवळात होते, त्यांनी तो नंदाबाईंकडे दिला.

“म्हणलीस का? किती वाजता?”

“दिवे लागताना.”

“मंग बराबर. लोक किती आल्ते?”

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “पुढच्या साली इकडंच ये. आमचं झालं की खिनभर उजेड राहतो.”

रागाची वेळ पाळायची तर सध्या हॉल लहान मिळतो. वडिलांच्या पत्रकांत हे कुठे लिहिलं नव्हतं, म्हणून मी लिहून ठेवते आहे.