थैलीवरचा पत्ता

२००८ साली मी साठ वर्षांचा होतो. बीटी सरकीच्या थैलीत साध्या बियाण्याची एक लहान पुडी येते. माझ्या थैलीत ती नव्हती. टोबणी, म्हणजे हातानं बी पेरणं, दुसऱ्याच दिवशी ठरलेली. घरवाली म्हणाली, "बोगस दिसते हे."

"म्या सोता पाहून आनली," मी म्हणालो. तरी थैलीवर कंपनीचा ईमेल छापलेला होता, म्हणून विचारायला अमडापूरच्या इंटरनेटवाल्याकडे गेलो.

तो माणूस अजून डोळ्यांपुढे आहे. बटन दाबण्याआधी हळूच बिस्मिल्ला म्हणायचा, अन् हात असा उचलायचा की जणू पाखरू सोडलं. मेल गेला, अन् चहा येण्याआधी परत आला.

"मशीन खराब हाय तुही. पुन्हा धाड," मी म्हणालो.

तो चिडला नाही. थैली उजेडात धरून त्यानं एकेक अक्षर बोटानं जुळवलं. पुन्हा बिस्मिल्ला. मेल पुन्हा परत.

मग खुर्ची माझ्याकडे फिरवून म्हणाला, "चाचा, त्याईची पेटी भरली असती तं उद्या धाडलं असतं. माही लाइन बंद असती तं मेल गेलाच नसता. हा परत आलेला मेल तं म्हन्ते, या पत्त्यावर घरच नाही. कितीकदा दार वाजवसान?"

मी थैली उचलून निघालो. नाव विचारायचं राहूनच गेलं. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. पाखरू सोडणारा तसा हात पुन्हा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया सरकी टोबायला आल्या. घरवालीच्या देखत मी ती थैली गोठ्यातल्या खुंटीला अडकवली, अन् बायांच्या ओटीत सरकीऐवजी घरची तूर टोबायला टाकली.