खोडदच्या मक्यातली वाकडी वाट

पुण्याहून येताना कळंब मागे पडलं आणि एसटीत मला गाढ झोप लागली. नारायणगावला उतरायचं, ते थेट आळेफाट्याला जागी झाले. उलट फिरून खोडदला पोचले तेव्हा तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीदार थाळ्यांवर ऊन चढलं होतं. आक्कानं, माझ्या मावसबहिणीनं, पाण्याआधी टोमणाच दिला, "कृषीची डिग्री घेतली, आन् उतरायचं ठिकान कळंना व्हय!"

मासवड्यांवर (सारण भरलेल्या बेसनाच्या वड्या) मी ताव मारला, पण दाजी, आक्काचे यजमान, जेवण सोडून रानाकडेच बघत होते. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ते बांधापलीकडे जात नाहीत. बांधावरून दिसणाऱ्या कोवळ्या मक्याची लष्करी अळीनं चाळण केली होती. "उद्या टॅक्टर बोलावतो, रोटर मारतो," ते म्हणाले. मका मोडला की मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) नाही, म्हणजे आक्काच्या गाई विकायच्या. आक्का उठून गोठ्यात गेली.

"दाजी, कडेची झाडं बघून रानाचं ठरवू नका," म्हणत मी आक्काला घेऊन मक्यात शिरले. डब्ल्यू अक्षरासारखं वाकडंतिकडं चालायचं, पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी ओळीनं दहा झाडांचे पोंगे (मधली गुंडाळलेली पानं) उघडून बघायचे. आत भुशासारखी ओली विष्ठा दिसली की झाड खराब.

चिखलात माझी चप्पल रुतली. ती उपसताना पाहिलं, तर आक्का खाल्लेली झाडं चुकवून पुढं चालली होती.

"आक्का, हे सोडलंस की!"

"ऱ्हाऊ दे गं. त्यांच्या जिवाला घोर नको."

मी तिला थांबवलं. "अगं, खोटं मोजून औषध चुकलं तर मका जाईलच."

पदरानं तोंड पुसून ती पहिल्या जागी परतली. आम्ही पुन्हा मोजलं.

बांधावर दाजींनी मलाच विचारलं, "हिनं चांगलीचुंगलीच झाडं तर न्हाई ना मोजली? दवाखान्यात बी 'समदं झ्याक हाय' म्हनायची."

"बांधाकडं निम्मी खराब," आक्काच बोलली. "आत धा झाडांत एखादं. खराब बी धरली, देवाशपथ. कडंला औषध मारलं की भागंल."

दाजींनी ट्रॅक्टरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग आक्काकडे न बघता म्हणाले, "आन् दवाखान्यातलं? तवा भ्याली न्हाईस तू?"

"भ्याले व्हते," आक्का म्हणाली. "लई भ्याले व्हते."

दाजींनी सरकून तिला बांधावर जागा केली.

संध्याकाळी पुण्याला परत निघाले. मका वाचला याचा आनंद होताच. पण ऑपरेशनपासून दाजी आक्काचं 'भ्याले व्हते' एवढंच ऐकायला थांबले होते, हे गाडीत उमगलं आणि मला रडू आवरेना.