विमानाला पेडल कोण मारतं?

तोंड बंद ठेवता आलं असतं तर माझं अर्धं आयुष्य सुखात गेलं असतं. पण आमच्या नाकावर राग! सत्तरच्या दशकाचा शेवट होता. विमानतळावर मेकॅनिकच्या हाताखाली शिकाऊ पोरं घ्यायची होती, त्याची मुलाखत होती, आणि तिथेही मी साहेबांशी वाद घातला. इकडे गावात, निर्मळला, आई घरी नोव्हेनाची नऊ दिवसांची प्रार्थना करत बसली होती. ही नोकरी लागती तर केळीचे घड सायकलला बांधून स्टेशन गाठणं सुटलं असतं, माझंही आणि बाबांचंही.

साहेब तिघे होते. मधल्याने विचारलं, "समजा, धावपट्टीच्या जागी कारखान्यात असतो तसा लांबलचक फिरता पट्टा आहे. विमान जेवढ्या वेगाने पुढे जाईल, तेवढ्याच वेगाने पट्टा मागे सरकतोय. विमान उडेल?"

"छे! कसं उडेल?" मी म्हणालो. "जागच्या जागी राहणार. सायकलचंच बघा ना. खालचा पट्टा मागे पळत असेल तर माणूस पेडल मारून मारून मरेल, पण तसूभर पुढे जायचा नाही."

"नीट विचार करा," साहेब म्हणाला. बिचारा संधी देत होता. ते कळायला अक्कल नको? मी म्हटलं, "साहेब, लहानपणापासून सायकल हाणतोय. मला सायकल नका शिकवू!"

तो शांतपणे म्हणाला, "बरं. मग विमानाला पेडल कोण मारतं?"

तिघेही हसले. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. माझे कान तापले. साहेबाने हातानेच जायला सांगितलं.

आमच्या स्टेशनवर उतरून तिथे ठेवलेली सायकल घेतली, पण तिच्यावर बसावंसंच वाटेना. हातात धरून चालत निघालो. चालता चालता लक्ष चाकांकडे गेलं. ती नुसती गरगरत होती, सायकल पुढे नेत होतो मी. अरे देवा, विमानाचंही तसंच की! त्याला इंजिन पुढे नेतं, हवेला मागे रेटून. चाकं खाली नुसती फिरणार. पट्टा मागे पळाला तर जरा जास्त फिरतील, एवढंच. विमान खुशाल उडालं असतं. भर रस्त्यात मला इतकी लाज वाटली की समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसांकडेही मी मान वर करून बघितलं नाही.

घरी मुलाखतीचं सगळं सांगितलं, पण रस्त्यात उमगलेलं तेवढं गिळलं. आणि मग कहरच झाला. बाबांनी माझी बाजू घेतली! रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात ते भेटेल त्याला धरून सांगायला लागले, "ज्याला धड सायकल येत नाही तो साहेब माझ्या पोराला नापास करतो! पट्ट्यावरून विमान उडतं म्हणे. उद्या म्हणेल, केळीला नारळ लागतात!" गाव सगळा सायकलवाला, त्यामुळे सगळ्यांना ते पटलंही. "पोरावर अन्याय झाला हो," बायका हळहळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शिव्या परवडल्या, पण हे नको.

शेवटी बाबा म्हणाले, "फादरना सांगून वरच्या साहेबाकडे तक्रारच करतो." तेव्हा मात्र मला राहवेना. त्यांचा हात धरून त्यांना भिंतीकडे ओढलं.

"बाबा, बंद करा हे. तो साहेब बरोबर होता. मीच चुकलो. विमान उडतं."

आता कानाखाली बसणार, असं मला वाटलं. त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"उडत असेल. मला काय कळतंय विमानातलं? पण तू भरल्या ताटावरून उठत होतास, ते दिसत होतं. लोक हसले तर मला हसू देत. मला कुठे नोकरी मागायला जायचंय? तुला जायचंय."

आणि ते पुन्हा घोळक्यात गेले. तक्रारीचं तेवढं गाळून पुन्हा तेच सांगायला लागले, पहिल्यापेक्षा मोठ्याने. या खेपेला एकजण खरंच हसला.